बॅटमॅनचे फ्रेंच आजोबा

पॅरिसच्या दक्षिणेला मोंतलेरी नावाचं गाव आहे. तिथल्या मनोऱ्यावर एक सरकारी नोकर दिवसभर बसलेला असतो. शेजारच्या मनोऱ्यावरचे लाकडी हात ज्या कोनात वळतील, त्याच कोनात आपल्या मनोऱ्यावरचे हात वळवायचे आणि निरोप पुढच्या मनोऱ्याकडे सरकवायचा, एवढंच त्याचं काम. विजेची तार येण्याआधी फ्रान्समध्ये सरकारी बातम्या अशाच धावत. आपण काय पुढे धाडतोय हे त्या माणसाला कळत नाही आणि त्याला त्याची पर्वाही नाही. त्याचा सगळा जीव मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या बागेत. तिथली पीच खारीसारखे दिसणारे एका जातीचे उंदीर खाऊन टाकतात, हे त्याचं एकमेव दुःख. पगार वर्षाला हजार फ्रँक. एके दिवशी एक श्रीमंत पाहुणा येतो, बागेची आस्थेने चौकशी करतो, उंदरांबद्दल हळहळतो आणि 25 हजार फ्रँक त्याच्या हातात कोंबतो. बदल्यात कागदावर काढून आणलेल्या तीन खुणा तेवढ्या पुढे पाठवायच्या.

त्या खुणा पॅरिसला पोचतात. स्पेनच्या गादीवर हक्क सांगणारा डॉन कार्लोस फ्रान्समधून निसटून मायदेशी परतला, अशी बातमी मंत्रालयात फुटते. एका बड्या सावकाराला ती आतल्या गोटातून आधीच कळते आणि तो हातातले स्पॅनिश रोखे मिळेल त्या भावाने विकून टाकतो. दुसऱ्या दिवशी खुलासा येतो: धुक्यामुळे खुणा चुकीच्या वाचल्या गेल्या. रोख्यांचे भाव जितके पडले होते त्याच्या दुपटीने वर चढतात. प्रत्यक्ष तोटा आणि हुकलेला नफा मिळून सावकाराला दहा लाखांचा फटका.

हा पाहुणा म्हणजे काउंट ऑफ माँटे क्रिस्टो आणि तो सावकार म्हणजे बॅरन दांग्लार. याच दांग्लारने तेवीस वर्षांपूर्वी, 1815 साली, मार्सेय बंदरात डाव्या हाताने एक निनावी पत्र लिहून एदमों दान्तेस या एकोणीस वर्षांच्या खलाशाला तुरुंगात पाठवलं होतं. तो खलाशी म्हणजेच आजचा काउंट, हे दांग्लारच्या ध्यानीमनीही नाही.

आलेक्सांद्र द्यूमाची ही कादंबरी ‘जुर्नाल दे देबा’ या दैनिकात 28 ऑगस्ट 1844 पासून जानेवारी 1846 पर्यंत क्रमशः येत होती. त्यानंतर शतकभराच्या आतच, 1939 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27व्या अंकात बॅटमॅन अवतरला. या दोघांची नुसती यादी मांडली तरी नातं उघड दिसतं. अमाप पैसा. दोन ओळखी. जमिनीखालचा गुप्त मुक्काम: बॅटमॅनची गुहा 1943 च्या एका चित्रपटमालिकेतून आली, काउंटने मात्र माँटे क्रिस्टो बेटावरची गुहा गालिचे-पडद्यांनी आधीच सजवून ठेवली होती. जिवाला जीव देणारा नोकर. भाषा, रसायन, शस्त्रं, सगळ्यात पारंगत. आणि या साऱ्याच्या मुळाशी तरुणपणी किंवा लहानपणी झालेला एक अन्याय.

मधल्या पिढ्याही दाखवता येतात. वरवर नेभळट वाटणारा आणि आतून धाडसी असा ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ 1905 साली लंडनच्या रंगभूमीवर गाजला. 1919 मध्ये झोरो आला, 1930 च्या दशकात स्वस्त मासिकांतून ‘शॅडो’ आला. 1936 मध्ये ली फॉकचा फँटम आला. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्या मराठी वाचकांचा तो वेताळ. अंगाला घट्ट बसलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा बॅटमॅनच्याही आधी त्याच्याकडे होता. बॅटमॅनकारांनी हे ऋण कधी लपवलं नाही. फ्रँक मिलरने 1986 च्या आपल्या प्रसिद्ध कथेत, ब्रूस वेनचे आईवडील मारले गेले त्या रात्री ते कुटुंब झोरोचाच सिनेमा पाहून बाहेर पडलं होतं, असं दाखवलं.

या वंशावळीचं मूळ सर्वांत आधी ज्यांना दिसलं त्यांत अंतोनिओ ग्राम्शी हा इटालियन विचारवंत होता. मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलेल्या टिपणवह्यांत त्याने एक खोचक निरीक्षण नोंदवलं आहे: लोक ज्या ‘अतिमानवा’चं श्रेय नित्शेला देतात, त्याचा खरा जन्म वर्तमानपत्री कादंबऱ्यांत झाला आणि त्याचा नमुना म्हणजे माँटे क्रिस्टोचा काउंट. ग्राम्शी 1937 साली वारला, बॅटमॅन येण्याआधी दोन वर्षं.

पण नातं सिद्ध झालं म्हणजे स्वभाव जुळला असं नाही. माझ्या मते काउंट आणि बॅटमॅन यांच्यातला खरा फरक कोणी कोणाचं वाईट केलं, इथून सुरू होतो.

ब्रूस वेनची मूळकथा नोव्हेंबर 1939 च्या अंकात अवघ्या दोन पानांत उरकली आहे. रस्त्यावर एक लुटारू पिस्तूल रोखतो, वडील आडवे येतात, गोळी सुटते, मग आई. पुढच्या चौकटीत मेणबत्तीच्या उजेडात हात जोडून शपथ घेणारा मुलगा. त्यापुढे प्रयोगशाळा, मग कसरत, मग खिडकीतून आत आलेलं वटवाघूळ. झालं! त्या लुटारूला जो चिल हे नाव मिळायला 1948 उजाडावं लागलं. म्हणजे सुरुवातीची नऊ वर्षं बॅटमॅनच्या रागाला पत्ताच नव्हता. ज्याने घाव घातला तो कोणीही असू शकतो, म्हणून राग साऱ्या गुन्हेगारीवर. आणि घाव खायच्या आधीपासून ब्रूस गडगंज आहे. पैसा बापाचा, हवेली बापाची.

दान्तेसचं सगळं याच्या उलट. तो बोटीवरचा खलाशी, कप्तानपद जेमतेम हाताशी आलेलं, मेर्सेदेसशी लग्न ठरलेलं. त्याच्या वाईटावर तिघं असतात आणि तिघांचेही हेतू आपल्या रोजच्या ओळखीचे. दांग्लारला त्याची जागा हवी, फेर्नांला त्याची वाग्दत्त वधू हवी आणि सरकारी वकील विलफोरला स्वतःची कारकीर्द वाचवायची आहे, कारण दान्तेसजवळचं पत्र विलफोरच्याच बोनापार्टवादी बापाच्या नावे निघतं. विलफोर पत्र जाळतो, गोड बोलतो आणि पोराला शातो दीफच्या समुद्री तुरुंगात आयुष्यभरासाठी गाडतो. इकडे दान्तेसचा म्हातारा बाप उपासमारीने मरतो.

हे तिघं पुढे काय होतात? एक बँकर, एक सेनापती आणि सरदारसभेचा सभासद, एक पॅरिसचा मुख्य सरकारी वकील. पैसा, लष्कर, कायदा. लुई फिलिपच्या राज्याचे तीन खांबच द्यूमाने गुन्हेगार म्हणून उभे केले. गंमत अशी की ‘जुर्नाल दे देबा’ हे त्याच राजवटीच्या बाजूचं वर्तमानपत्र. बँकर आणि वकील सकाळी कॉफीबरोबर आपलीच कुंडली हप्त्याहप्त्याने वाचत होते.

त्यामुळे दान्तेसचा बाण खालून वर जातो, ब्रूसचा वरून खाली. काउंट पोलिसांकडे जाणार नाही, कारण त्याचा गुन्हेगारच सरकारी वकील आहे. बॅटमॅन मात्र पोलिस कमिशनर गॉर्डनच्या गच्चीवर जातो. बॅटमॅनकथांत भ्रष्ट नगरसेवक आणि लबाड उद्योगपती येतात हे खरं, पण त्याची रोजची रात्र जाते ती दरोडेखोर आणि वेडे यांना झोडण्यात. शहर ज्यांच्या मालकीचं आहे त्यांत वेन घराणंही आहे, हा प्रश्न कॉमिक्सनी फार उशिरा आणि चाचरत विचारला.

शातो दीफमध्ये दान्तेसला भेटतो आबे फारिया. इथे गोवेकरांनी कान टवकारावेत, कारण फारिया हे नाव द्यूमाने हवेतून आणलेलं नाही. जुझे कुश्तोदियु द फारिया यांचा जन्म 1756 साली बार्देशातल्या कांदोळी गावी झाला. आईवडील परस्परसंमतीने वेगळे झाले, वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. 1771 मध्ये बाप-लेक लिस्बनला गेले. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध 1787 साली झालेल्या पिंटोंच्या बंडात वडिलांवर संशय आला आणि पुढच्या वर्षी मुलगा पॅरिसला गेला. 1813 पासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर ते संमोहनाचे प्रयोग दाखवू लागले. माणसाला झोपवणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते, हा त्यांचा सिद्धांत काळाच्या पुढचा होता. पॅरिसने त्यांची चेष्टा केली, त्यांच्यावर फार्स रचून रंगभूमीवर आणला. 1819 मध्ये ते वारले. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी, एका बाईवर हात रोखून उभा असलेला जो पुतळा आहे, तो त्यांचाच. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि 1945 साली तो तिथे उभा राहिला.

द्यूमाने या फारियांचं नाव घेतलं, त्यांना इटालियन केलं, संमोहन वगळलं आणि त्यांना एक वेगळीच विद्या दिली. कादंबरीतला सर्वांत रंगतदार प्रसंग तोच आहे, असं मी म्हणेन. दान्तेसला आपण तुरुंगात का, हेच कळलेलं नसतं. म्हातारा विचारतो: तू गेल्याने कोणाचा फायदा झाला? तुझी जागा कोणाला हवी होती? तुझी वाग्दत्त वधू कोणाला हवी होती? पत्राचं अक्षर कसं होतं? उलट्या बाजूला कललेलं? मग ते डाव्या हाताने लिहिलंय, आणि डाव्या हाताची अक्षरं सगळ्यांची सारखीच दिसतात. प्रत्यक्ष पुरावा एकही नाही, कोठडीबाहेर पाऊल नाही, तरी तासाभरात तिन्ही गुन्हेगार उभे. एडगर ॲलन पोच्या द्यूपँ या हेराने पॅरिसच्या खुनांचा छडा लावला तो 1841 साली, म्हणजे हेरकथा हा प्रकार तेव्हा नुकता रांगत होता. फारिया मात्र उलगडा करून पस्तावतो. आपण या पोराच्या मनात नव्हती ती गोष्ट घातली, सूड घातला, असं तो बोलून दाखवतो. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या नायकाला असा पस्तावणारा गुरू सहसा मिळाला नाही. त्याचे गुरू त्याला मारामारी शिकवून निघून जातात.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. फारिया मरतो, दान्तेस त्याच्या प्रेताच्या पिशवीत शिरतो, पहारेकरी पिशवीच्या पायाला छत्तीस पौंडांचा तोफगोळा बांधतात आणि कड्यावरून खाली झोकून देतात, कारण शातो दीफचं दफनस्थान म्हणजे समुद्र. पाण्याखाली सुरीने पिशवी फाडून तो वर येतो. चौदा वर्षं झालेली असतात. नंतर लिव्होर्नोला तो न्हाव्याकडे जातो, दाढी-केस उतरवायला लावतो आणि आरसा मागतो. आत गेला तेव्हा एकोणीसचा, आता तेहतिशीचा. समोर एक अनोळखी इसम. ब्रूस वेनला चेहरा झाकायला मुखवटा लागतो, दान्तेसचा चेहराच तुरुंगाने बदलून टाकलाय. दांग्लार, विलफोर, कोणीही त्याला ओळखत नाही. ओळखते ती फक्त मेर्सेदेस.

आता खून न करण्याचा नियम. बॅटमॅन मारत नाही, हे आज त्याच्या चारित्र्याचं लक्षण मानलं जातं. त्यावर तत्त्वज्ञानाचे लेख निघालेत. पण पहिल्याच कथेत तो खलनायकाला ठोसा मारून ॲसिडच्या टाकीत पाडतो आणि त्याला हेच योग्य होतं असं म्हणून मोकळा होतो. 1940 च्या वसंतात निघालेल्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थने बंदूक आणि खून बंद करून टाकले. त्याच अंकात जोकर मरणार होता. तेही एल्सवर्थनेच अडवलं. इतका चांगला खलनायक एका अंकात वाया घालवायचा नाही म्हणून शेवटी एक चौकट वाढवली गेली आणि जोकर जगला. बॅटमॅन जोकरला का मारत नाही, या सनातन प्रश्नाचं निम्मं उत्तर प्रकाशकाच्या हिशेबात आहे.

काउंटही स्वतःच्या हाताने कोणाला मारत नाही. पण ते द्यूमाने विचारपूर्वक ठरवलं. त्याला मूळ कथा मिळाली ती जाक पशे या पोलिसांच्या माजी दफ्तरदाराच्या संग्रहात. त्यातला पिको नावाचा चांभार सूड घेतो तो सुरीने आणि विषाने, आणि अखेर स्वतःही मारला जातो. द्यूमाने नायकाचे हात कोरडे ठेवले. काउंट फक्त दारं उघडून देतो. फेर्नांने ज्याला दगा दिला त्या अली पाशाची मुलगी हायदे सरदारसभेत साक्ष देते आणि तो घरी जाऊन स्वतःवर गोळी झाडतो. विलफोरने जन्मतःच पुरलेला अनौरस मुलगा जिवंत निघतो आणि भर न्यायालयात बापाचं नाव सांगतो. काउंटला वाटतं, आपण ईश्वरी न्यायाचे नुसते हस्तक आहोत.

मग विलफोरच्या घरात एक मूल मरतं. विलफोरची बायको घरात एकामागून एक विषप्रयोग करत असते. ते काउंटला माहीत असतं, किंबहुना विषांबद्दलच्या गप्पा त्यानेच तिच्याशी मारलेल्या. पकडली गेल्यावर ती स्वतः विष घेते आणि लहानग्या एदुआरलाही देते. विलफोर काउंटला हाताला धरून त्या प्रेतांपुढे नेतो आणि वेडा होतो. कादंबरीचा कणा तिथे मोडतो. देवाचा हस्तक असल्याची खात्री गेल्यावर काउंट शातो दीफला परत जातो, आपली जुनी कोठडी पाहतो, मन घट्ट करायचा प्रयत्न करतो. उरलेल्या दांग्लारला तो उपाशी ठेवतो, एकेका कोंबडीला लाख फ्रँक मोजायला लावतो, पण शेवटी सोडून देतो. सूड पुरा होण्याआधीच थांबतो.

बॅटमॅनच्या कथेतही एक मूल मरतं. 1988 मध्ये जोकर बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराला, दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, पहारीने बदडून बॉम्बने उडवतो. हे लेखकाने ठरवलं नव्हतं. प्रकाशकाने दोन फोन नंबर छापले होते, एक तो वाचावा म्हणून, एक तो मरावा म्हणून. मरावा म्हणणारे 5,343, वाचावा म्हणणारे 5,271. अवघ्या बहात्तर मतांनी पोरगं गेलं. बॅटमॅन तुटतो, ओरडतो, जोकरच्या मागे लागतो. आणि पुढच्या वर्षीच नवा रॉबिन येतो. 2005 मध्ये जेसनही परत आला. एदुआरच्या मरणाने गोष्ट संपायला लागते, जेसनच्या मरणाने नवी मालिका सुरू होते. इटालियन लेखक उंबेर्तो एकोने 1962 मध्ये सुपरमॅनवर लिहिताना नेमकं हेच पकडलं होतं: कॉमिक्सचा नायक जे काही करेल त्याने तो थोडासा खर्ची पडायला हवा, मृत्यूकडे सरकायला हवा, पण बाजाराला तो खर्ची पडून चालत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट जणू आधीचं काही घडलंच नाही अशी सुरू होते. क्रमशः तर द्यूमाही लिहीत होता, ओळींच्या हिशेबाने पैसेही घेत होता. पण त्याच्या क्रमशःला ‘समाप्त’ होतं.

दोन्ही नायकांच्या मागे आणखी एक माणूस उभा आहे, तो मुखपृष्ठावर नसलेला. द्यूमाचा विचार होता की गोष्ट रोममध्ये, श्रीमंत काउंटपासून सुरू करावी आणि मार्सेयचा भाग मागाहून आठवणीत सांगावा. त्याचा साहाय्यक ओग्यूस्त माके म्हणाला की प्रेम, दगा, तुरुंग हाच तर या आयुष्याचा सर्वांत रंजक भाग, तो बाजूला का टाकायचा? म्हणजे आज आपल्याला जी कादंबरी म्हणून आठवते तिचा पाया माकेच्या एका हरकतीवर उभा आहे. पुस्तकावर नाव द्यूमाचं. माके कोर्टात गेला, 1858 मध्ये त्याला पैसे मिळाले, नाव मिळालं नाही. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्याच्या थडग्यावर त्या कादंबऱ्यांची नावं कोरलेली आहेत. तिकडे चित्रकार बॉब केनच्या पहिल्या आराखड्यातला बॅटमॅन लाल तंग कपड्यांतला, डोळ्यांवर इवलीशी पट्टी आणि पाठीला ताठ पंख असा होता. टोपीसारखा मुखवटा, झूल, राखाडी रंग आणि ब्रूस वेन हे नावसुद्धा लेखक बिल फिंगरचं. करारात नाव फक्त केनचं. फिंगर 1974 साली वारला, त्याचं नाव श्रेयात यायला 2015 उजाडलं.

2012 च्या ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने बॅटमॅनला पाठीचा कणा मोडून एका विहिरीसारख्या तुरुंगात टाकलं. तिथे एक म्हातारा कैदी त्याची शुश्रूषा करतो, जुनी कहाणी सांगतो आणि ब्रूस कडा चढून उजेडात येतो. बाहेर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो. सगळं उघडउघड द्यूमाच्या घरचं. त्या मालिकेचा तो शेवटचा चित्रपट असल्याने नोलनला काउंटचा शेवटही घेता आला: लोकांच्या लेखी मेलेला ब्रूस फ्लॉरेन्सच्या कॅफेत प्रेयसी सेलिनाबरोबर निवांत बसलेला दिसतो, जसा काउंट हायदेला घेऊन जहाजातून निघून जातो. मासिकातल्या बॅटमॅनला मात्र त्या महिन्यातही सुट्टी नव्हती.